देवाला वाचून दाखवलेली पत्रिका

आमच्या घरात लग्नाची पत्रिका देवापुढे नुसती ठेवत नाहीत. मोठ्यानं वाचून दाखवतात. अगदी वरच्या गणपतीपासून तळाच्या 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत, एक अक्षर न गाळता. आणि वाचायचं कुणी, तर ज्याचं लग्न आहे त्यानंच. लहानपणी मी एकदा बारकीआत्याला विचारलं होतं, "देवाला वाचता येत नाही का गं?" तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "येतं रे. पन कुनी वाचून दावलं का त्याला बरं वाटतं."

बारकीआत्या म्हणजे माझ्या आबांची धाकटी बहीण. आबा गेले, त्यांच्या पिढीतले सगळे गेले, ही एकटी राहिली. ऐंशी कधीच ओलांडलीय, पण नाव अजून बारकीच. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं होतात, सगळं होतं. पण त्याआधी धवलारणीनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हटला पाहिजे. ती एकेका देवाला नावानं हाक मारून मांडवात बोलावते. मग सांगते, ही पोर कोणाची, कुठल्या गावची, कुठल्या नदीचं पाणी प्यायलेली. आत्यानं माझा धवला म्हटला, माझ्या भावंडांचा म्हटला. माझ्या लेकीचा, रुचिताचा, तिनंच म्हणावा एवढी एकच माझी इच्छा होती. हॉल कुठला, जेवणात काय, नवरदेवाचे बूट कसले, त्यात मी तोंड घातलं नाही.

आणि छापून आलेल्या पत्रिकांमध्ये गावच नव्हतं!

मी नमुन्यावर स्वतःच्या हातानं 'मु. पो. शेलार, ता. भिवंडी' लिहून दिलं होतं. गठ्ठा सोडून पाहतो तर नुसतं 'ठाणे'. रुचिताबाईसाहेबांनी परस्पर फोन करून बदललेलं.

"बाबा, आपण राहतो ठाण्यातच ना? माझा जन्म ठाण्याचा," रुचिता म्हणाली.

"जन्म दवाखान्यात झाला तुझा. दवाखान्याचा पत्ता छापायचा का?"

"तुम्हाला माहीत नाही हो. ऑफिसमध्ये भिवंडी म्हटलं की सगळे हसतात. सगळ्यांना भिवंडी फक्त फोनवर दिसते. 'तुमचं पार्सल भिवंडीला पोहोचलं आहे.' आणि मग चार दिवस तिथंच. मला म्हणतात, तूही तिथंच अडकली होतीस का?"

तिची आई तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय मी, आणि माझ्या घरात ही गत? म्हटलं, "शुक्रवारी रजा काढ. देवांना पत्रिका द्यायच्या आहेत. एक दिवस माझ्याबरोबर फिर आणि डोळे उघडे ठेव. मग बोल."

कार्ल्याच्या एकवीरेला माझा भाऊ आधीच जाऊन नारळ ठेवून आला होता. उरली होती ती आमची जवळची दैवतं: कामवारी नदी, वज्रेश्वरी आई आणि लोनाडच्या लेण्यातली खांडेश्वरी.

गाडी रुचिता चालवत होती. कशेळीचा पूल ओलांडला की डावीउजवीकडे गोदामं सुरू होतात, ती संपता संपत नाहीत. पत्र्यामागून पत्रा, कंटेनरमागून कंटेनर. "बघा तुमचं निसर्गसौंदर्य," ती म्हणाली. मला तिथं खाडीकाठची भातखाचरं दिसत होती, आणि ओहोटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतून निवट्या पकडणारे आम्ही. निवटी म्हणजे चिखलातली मासळी, हातातून सुळकन् सटकते. तिला धरायचं तर आधी तिचं बीळ पायानं दाबायचं, हे मला कुठल्याही शाळेनं शिकवलं नाही. घरी येईपर्यंत चिखल अंगावर वाळून फुटायचा आणि आई आम्हाला ओटीवरही चढू द्यायची नाही. नारळाच्या रसातल्या निवट्यांचा तो वास आत्ता या डिझेलच्या धुरातही मला आला. खरंच आला.

नारपोलीत चहाला थांबलो. रस्ता नेहमीसारखा भरलेला, पण काहीतरी कमी होतं. रुचितालाही जाणवलं. "इथं मशीनचा आवाज असतो ना?"

चहावाला किटली खाली ठेवत म्हणाला, "आज जुम्मा है मॅडम. लूम बंद."

शुक्रवार! मी विसरलोच होतो. आमचं सगळं लहानपण लूमच्या, यंत्रमागांच्या, खटखटीत गेलं. आबांनी शेताच्या एका पट्ट्यात शेड बांधून भाड्यानं दिली होती. आत बारा-बारा तासांच्या शिफ्ट चालायच्या. तेलाचा वास, सुताला लावायच्या कांजीचा वास, आणि हवेत तरंगणारा कापूस. त्या आवाजात आम्ही पाढे पाठ केले, जेवलो, भांडलो. घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे, अजूनही बोलतात. बाहेरच्यांना वाटतं भांडण चाललंय. शुक्रवारी दुपारी मात्र सगळं थांबायचं आणि आम्हा पोरांना झोपच लागायची नाही. कानात काहीतरी दुखल्यासारखं व्हायचं. मग आत्या पाटावर बोटांनी खटखट वाजवत बसायची आणि आम्ही झोपायचो.

हे रुचिताला सांगितलं तर तिनं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. "हे कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तू विचारलंस कधी?"

छाती फुगवून मी पुढं सुरू झालो. म्हटलं, अगं, गलबतं लागायची इथं. खाडीतून लाकूड जायचं, तांदूळ जायचा. आजही सकाळी उठून अर्धा देश जे अंगावर चढवतो ना, ते आमच्या भिवंडीचं सूत. तुझी ऑफिसातली मंडळी हसतात, पण शर्टाचं कापड कुठून येतं ते विचार म्हणावं! "बाबा, हळू," ती म्हणाली, "चहावाला बघतोय." चहावाला हसत होता. त्याला माझं म्हणणं पटलेलं दिसलं, कारण त्यानं बिस्किटं न मागता पुढं केली.

शेलारला आत्या तयारच होती. हिरवं लुगडं, पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि तांदूळ. गाडीत बसताना तिनं रुचिताच्या हनुवटीला हात लावला. "बारीक झालीस गो बाय. हळदीला अंगावर मांस नको का?"

नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. आता पाण्याला रंग असतो आणि वासही, खोटं कशाला बोलू? पण कामवारी ती कामवारीच. याच धोंड्यांवर आई गोधड्या आपटायची. याच डोहात आबांनी मला पोहायला शिकवलं, म्हणजे ढकलून दिलं आणि काठावर बिडी ओढत बसले. लग्नघरातून पाच सवाष्णी इथं कळशा घेऊन यायच्या, आत्या पुढं, आणि तिचा आवाज पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचा.

"वाच," आत्या म्हणाली.

रुचितानं इकडंतिकडं पाहिलं. पलीकडे दोन म्हशी, बाकी कुणी नाही. तिनं घसा खाकरला आणि वाचायला लागली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. तिला अक्षरओळख नाही, पण उभ्या हयातीत तिनं शंभरांनी पत्रिका ऐकल्या असतील. कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ येणार हे तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक. आजोबांचं नाव आलं, माझं आलं, "ठाणे" आलं, आणि रुचिता पुढं सरकली.

"थांब," आत्यानं डोळे उघडले. "गाव ऱ्हायलं."

"ठाणे आहे ना, आत्याआजी."

"तो जिल्हा झाला. गाव कंचा?"

आत्यानं हात पुढे करून पत्रिका घेतली, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. नदीला फक्त हळदकुंकू वाहिलं. "चला आईकडं. बगू ती काय म्हनते."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आरशातून लेकीकडे पाहत मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. तिनं ते पाहिलं आणि गिअर जरा जोरातच टाकला.

वाड्याच्या रस्त्यानं निघालं की अनगावनंतर हवा बदलते. डावीकडे गुमताऱ्याचा डोंगर येतो. किल्ला आहे वर, आता नुसते पडके तट आणि पाण्याची टाकी. वैशाखात आम्ही तिथं करवंदांसाठी जायचो. शर्टाच्या पुढच्या बाजूची झोळी करायची, चीक बोटांना चिकटायचा, आणि वरून आबा हात लांब करून दाखवायचे: ती खाडी, तो माहुलीचा डोंगर, आणि ते धुराच्या रेघेखाली आपलं गाव. बोट गावावर आलं की ते थोडा वेळ तसंच ठेवायचे. आबा चौथी शिकलेले, पण त्या मुलखातला एकेक ओढा त्यांना नावानं ठाऊक होता.

"हा किल्ला आपल्याकडे आहे?" रुचितानं विचारलं.

"आपल्याकडे" म्हणाली. मी ऐकलं.

वज्रेश्वरीचं देऊळ लांबून गढीसारखं दिसतं. वसईची लढाई जिंकल्यावर पेशव्यांनी नवस फेडला तो हा. चैत्रातल्या जत्रेला आम्ही बैलगाडीनं यायचो. आधी अकलोलीला उतरायचं, तानसेच्या काठच्या गरम कुंडात अंघोळ. गंधकाचा तो वास, कढत पाण्यात पाय घालताना निघणारी किंचाळी, आणि ओल्या टॉवेलांनी झाकलेली लालबुंद पोरं. मग उघड्या अंगाला वारा खात देवळाच्या पायऱ्या चढायच्या. मधल्या पायरीवरच्या कासवाला हात लावायचा. खाली आल्यावर खाजा मिळायचा, त्याची साखर परतीच्या वाटेभर बोटांवर पुरायची.

आत्यानं याही वेळी कासवाला हात लावला, बोटं कपाळाला टेकवली आणि रुचितालाही लावायला लावली. गाभाऱ्यासमोर बाजूला उभं राहून रुचितानं पुन्हा पत्रिका वाचली. यावेळी 'ठाणे'पाशी तिचा आवाज अडखळला. आत्यानं नारळ पुजाऱ्याच्या हातात दिला आणि पत्रिका परत पिशवीत टाकली.

"आत्याआजी, आईला पण नाही द्यायची?" रुचिताच्या आवाजात आता रडू होतं.

"कशी देऊ? अर्धीच हाय. आनि मी सांगून ठेवते बाय, गाव नसलेल्या पोरीचा धवला मना म्हनता याचा न्हाय. देव मांडवात येतील, इचारतील, कुटली गो ही? मी काय सांगू?"

माझं मिशीतलं हसू तिथंच गेलं. आत्या बोलते ते करते. तिच्याच नातीनं पळून जाऊन लग्न केलं तेव्हा सगळ्यांनी मनधरणी केली. आत्यानं तिला पोटाशी धरलं, साडी नेसवली, पण देवांना न बोलावता झालेल्या लग्नाचा धवला मागाहून म्हटला नाही तो नाहीच. आणि हिच्यानंतर आमच्या घरात धवला जाणणारं कुणी नाही. आज नाही झालं तर माझी लेक धवल्याशिवाय जाणार होती.

लोनाड उलट्या दिशेला, पडघ्याच्या बाजूला. तासाभराची वाट. गावातलं जुनं शिवालय मागं टाकून आम्ही टेकडीशी आलो. लेण्याच्या पायऱ्या आत्या माझा हात धरून चढली, दर दहा पायऱ्यांनी थांबत. भोवती कापलेल्या भाताची धसकटं, पेंढ्याचा गोड वास, आणि माणूस असा नाही. कातळात खोदलेली ही लेणी हजार वर्षांहून जुनी. भिक्खूंनी खोदली, मग ते गेले, मग आमच्या देवीनं बिऱ्हाड केलं. भिंतीवर राजा आहे, राणी आहे, सेवक आहेत. झिजलेत, पण राजाचा बसण्याचा रुबाब अजून जात नाही. रुचिता त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. फोटो काढला, मग फोन खाली करून नुसतीच पाहत राहिली.

मला वाटलं, हीच वेळ. मास्तर जागा झाला. म्हटलं, "बघितलंस? पुण्यामुंबईचा पत्ता नव्हता तेव्हा आमच्या मुलखात हे होतं. म्हणून सांगतो, गाव लपवायचं नसतं. आमच्या घराण्यात आजवर कुणी गाव लपवलं नाही."

"कोनी न्हाय लपवलं?" आत्या लेण्यातल्या पाण्याच्या टाक्याच्या कडेला बसली होती. तिथूनच तिनं विचारलं. लेण्यात तो आवाज घुमला.

मी म्हटलं, "आत्या, जाऊ दे."

"का जाऊ दे? पोरीला सकाळधरनं छळतोस. गो बाय, तुज्या बापाच्या पत्रिकेवर पन गाव नव्हता. कल्यान छापलेला यानं."

रुचिता वळली. "बाबा?"

आता काय लपवणार? सांगितलं. मी कॉलेजला मुंबईत जायचो. एकदा वाचनालयाबाहेर वर्गातल्या एका मुलीनं माझ्या कॉलरवरून काहीतरी उचललं. कापसाचं तूस. लूमच्या शेडमधून जाताना नेहमी बसायचं अंगावर. ती ते चिमटीत धरून हसली आणि म्हणाली, कुठून येतोस रे तू? मागं तीन-चार पोरं उभी होती. मी म्हटलं, कल्याण. त्या दिवसापासून मी कल्याणचाच. रोज घरातून निघताना शर्ट झटकायचो. लग्न ठरलं, पत्रिका छापायची वेळ आली, तेव्हाही तेच छापलं. सहकाऱ्यांना तसंच ठाऊक होतं ना. आबांनी गठ्ठा पाहिला. काही बोलले नाहीत.

"बोलला न्हाय, पन लिवलं," आत्या म्हणाली. "दोन दिस ओटीवर बसून. दौत घेऊन. एकेका पत्रिकेवर. तो लिवायचा आनि मी फुंकर मारून सुकवायची. देवाफुडं पन त्या वक्ती त्यानंच वाचली, याला न्हाय वाचू दिली, म्हून मी धवला म्हनला. मी इचारलं, दादा, पोराला सांगू का? म्हनला, नको. लाज वाटल त्याला."

हे मात्र मला माहीत नव्हतं. लिहिलेलं मी पाहिलं होतं, मुख्याध्यापकांच्या टेबलावर: छापील 'कल्याण'च्या खाली निळ्या शाईत, चौथीतल्या पोरासारख्या वळणदार अक्षरात, 'शेलार, भिवंडी'. मीही घरी येऊन काही बोललो नाही. आबा गेले तरी बोललो नाही. पण आपल्याला लाज वाटू नये म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं, हे आज, लोनाडच्या कातळात उभं राहून मला कळलं. रडू आलं हो. लेकीसमोर, आत्यासमोर, त्या दगडी राजासमोर ढसाढसा रडलो. आजवर किती वर्गांपुढे या गावाची थोरवी गायली, ती सगळी त्या एका 'कल्याण'ची भरपाई होती. पण तिच्यातला शब्दही खोटा नव्हता. अभिमान मला होताच. तोंड उघडायला उशीर झाला, एवढंच.

खिशातलं पेन काढून मी पत्रिका मागितली. आत्या पिशवीतून काढायला लागली तोच रुचितानं माझ्या हातातलं पेन घेतलं.

"द्या इकडं. माझं लग्न आहे."

मांडीवर पर्स ठेवून, त्यावर पत्रिका ठेवून, तिनं लिहिलं. 'ठाणे'च्या वर, अगदी ठसठशीत. मग आत्यापुढे धरली. आत्याला ते वाचता येत नव्हतं. पण ती पुढं वाकली, गाल फुगवले आणि त्या अक्षरांवर हलकेच फुंकर मारली. बॉलपेनची शाई, ती कधीच सुकली होती.

"आता वाच."

रुचितानं वाचलं. खांडेश्वरीपुढे, पहिल्यापासून. "मुक्काम पोस्ट शेलार, तालुका भिवंडी" म्हणताना तिनं आवाज मुद्दाम चढवला आणि तो आमच्या मागच्या भिंतीवरून परत आला. आत्यानं पत्रिका देवीच्या पायाशी ठेवली, वर तांदूळ टाकले, आणि कुणी न सांगता, मांडव नसताना, तिथंच धवला सुरू केला. आवाज फाटलाय आता. पण वज्रेश्वरीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, गुमताऱ्याच्या डोंगराला आणि कामवारीला बोलावलं, आणि मग सांगितलं ही कुणाची कोण. रुचिता फोनवर टिपून घेत होती. अर्ध्यात तिनं फोन बाजूला ठेवला आणि आत्याच्या ओठांकडे पाहत शब्दामागून शब्द म्हणायला लागली. चुकत होती. आत्या न थांबता मान हलवून दुरुस्त करत होती.

उतरताना रुचितानं विचारलं, "बाबा, किती पत्रिका वाटून झाल्यात?"

"एकही नाही. देवाआधी कुणाला देतात का?"

"मग उद्या बसू लिहायला. शाईचं पेन आणा. आत्याआजीलाही ठाण्याला घेऊन जाऊ."

"वज्रेश्वरीला परत जायला लागेल."

"जाऊ. नदीवर आत्ता जाता जाता."

शेवटच्या पायरीवर तिचा फोन वाजला. तिनं पाहिलं आणि एकदम खो-खो हसायला लागली. आत्यानं विचारलं, काय झालं? तर हसू आवरत म्हणाली, "आत्याआजी, माझा शालू मागवला होता ना, त्याचा मेसेज. पार्सल भिवंडीला पोहोचलंय म्हणे."

आत्याला त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. तिनं पिशवी सावरली, गाडीकडे चालायला लागली आणि म्हणाली, "मंग घरी आलं म्हन की."